कामावरचा माणूस आणि त्याचा मेळ

मनुष्याच्या जागृत आयुष्याचा मोठा भाग घरात जात नाही आणि देवळातही जात नाही. तो कचेरीत, कारखान्यात, दुकानात किंवा शाळेत जातो. असे असूनही आपल्या अभ्यासवर्गांतून कर्माविषयी जे विवेचन होते ते बहुधा एकट्या कर्त्याचे असते. कर्ता कोणत्या बुद्धीने कर्म करतो, फळावर त्याची दृष्टी आहे की नाही, एवढाच विचार आपण करतो. वस्तुतः काम करणारा माणूस एकटा क्वचितच असतो. त्याच्या डाव्या हातास एक सोबती असतो, उजव्या हातास दुसरा. वर मुकादम असतो आणि खाली उमेदवार. या सर्वांचा त्याच्या कर्मावर काय परिणाम होतो, हा प्रश्न गीतेच्या तिसऱ्या अध्यायात लोकसंग्रहाच्या निमित्ताने येतो खरा. परंतु वर्गात आपण तो थोडक्यात आटोपतो. पुढाऱ्याच्या वर्तनाकडे पाहून इतर जन आपले वर्तन ठरवितात, हा त्या विचाराचा एक धागा आहे. आता पुढारी म्हणजे कोण? ज्याच्याकडे पद आहे तो, की ज्याच्याकडे सोबत्यांची नजर जाते तो?

गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचा शोध कारखान्यांतून प्रत्यक्ष प्रयोगांनी घेतला गेला आहे. त्यांपैकी एक प्रयोग तर आमच्या बडोद्यापासून अवघ्या काही तासांच्या वाटेवर, अहमदाबादेस झाला. त्यांचा परिचय या पाठात करून द्यावयाचा आहे, आणि तो केवळ जिज्ञासेपोटी नव्हे. उत्सवाच्या कामास माणसे मिळत नाहीत, मिळालेली टिकत नाहीत, आणि पगारी सेवकांकडून मनासारखे काम होत नाही, अशी तक्रार देवस्थानांच्या सभांतून सर्वत्र ऐकू येते. या तक्रारीचे उत्तर म्हणून ‘भक्ती कमी झाली’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आमच्या मते ते निदान चुकीचे आहे, आणि का ते पुढील हकिकतीवरून ध्यानात येईल.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाच्या इंजिनियराने कामाचे शास्त्र मांडले. त्याचा ग्रंथ सन १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक कामाचे लहान लहान तुकडे पाडावेत, घड्याळ लावून त्यांचा वेळ मोजावा, सर्वोत्तम पद्धत ठरवावी आणि जो अधिक करील त्यास अधिक मजुरी द्यावी, असे त्याचे सांगणे. या मांडणीत कामकरी हा सुटा हिशेबी माणूस आहे. पैसा वाढला की त्याचे काम वाढते. टेलरने पुष्कळ उपयुक्त गोष्टी सांगितल्या यात शंका नाही. पण त्याच्या पद्धतीने चालणाऱ्या कारखान्यांतही कामकरी त्याच्या हिशेबाप्रमाणे वागेनात.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण शिकागोलगतच्या सिसरो गावी असलेल्या हॉथॉर्न कारखान्याचे. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हा कारखाना टेलिफोनची यंत्रसामग्री तयार करीत असे, आणि भरभराटीच्या काळात तेथे सुमारे चाळीस हजार माणसे काम करीत. सन १९२४ मध्ये तेथे एक साधा प्रश्न हाती घेण्यात आला: दिव्यांचा उजेड वाढविल्यास काम वाढते काय? एका गटाचा उजेड वाढविला, दुसऱ्याचा होता तसाच ठेवला. काम दोन्हीकडे वाढले. पुढे एका चाचणीत दोन मुलींपुढचा उजेड कमी करीत करीत जवळजवळ चांदण्याइतका केला, तरी त्यांचे काम घटले नाही. प्रयोग करणारे अर्थातच गोंधळले.

सन १९२७ च्या एप्रिलात दुसरा प्रयोग सुरू झाला. रिले नावाचा टेलिफोनमधील एक लहानसा भाग असतो; तो अनेक सुटे तुकडे जुळवून करावा लागे आणि एकास सुमारे एक मिनिट लागे. हे जुळणीचे काम करणाऱ्या पाच मुली आणि त्यांना तुकडे मांडून देणारी सहावी, अशा सहा जणींस वेगळ्या खोलीत बसविले. मग त्यांच्या दिवसात एकामागून एक बदल केले: पाच मिनिटांची विश्रांती, मग दहा मिनिटांची, मग सकाळी कंपनीकडून फराळ, मग संध्याकाळी लवकर सुट्टी. काम वाढत गेले. शेवटी सर्व सवलती काढून घेऊन मूळचा अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा पुन्हा लावला, तेव्हाही एकूण काम खाली आले नाही. आरंभी आठवड्यास प्रत्येकी सुमारे २४०० रिले होत असत. सवलती काढल्यावरच्या त्या काळात ते सुमारे २९०० पर्यंत गेले होते.

हार्वर्ड विद्यापीठातील एल्टन मेयो हे ऑस्ट्रेलियात जन्मलेले अध्यापक सन १९२८ पासून या कामात लक्ष घालू लागले. त्यांनी काढलेला अर्थ असा: विश्रांती आणि फराळ यांपेक्षा महत्त्वाचे हे की त्या मुलींचा एक मेळ जमला, त्यांना कोणी विचारू लागले, आणि त्यांच्यावर सतत डोळे वटारणारा मुकादम तेथे नव्हता. हा अर्थ जगभर पाठ्यपुस्तकांत गेला. पण अभ्यास करावयाचा तर पूर्वपक्षाबरोबर उत्तरपक्षही पाहिला पाहिजे. प्रयोग चालू असता त्या पाचांपैकी दोघींना, फार बोलतात आणि ऐकत नाहीत या कारणास्तव, खोलीतून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या होत्या. आणि त्यानंतर कामाने चांगलाच वेग घेतला. शिवाय पूर्वी शंभरएक जणींच्या खात्याच्या उत्पन्नावर मजुरी ठरे. खोलीत ती या पाच-सहा जणींच्याच कामावर ठरू लागली. म्हणजे आपल्या कष्टाचा पैसा आपल्याच हाती येऊ लागला. अलेक्स केरी या टीकाकाराने सन १९६७ मध्ये या गोष्टींवर बोट ठेवून मेयोपंथीयांची चांगलीच झडती घेतली. उजेडाच्या प्रयोगाचे जुने आकडेही पुढे सापडले. सन २०११ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी ते पुन्हा तपासले, तेव्हा पुस्तकांत सांगितला जाणारा चमत्कार त्यांत फारसा आढळला नाही. तेव्हा ‘गोड बोला, काम वाढेल’ एवढाच बोध जे या प्रयोगातून काढतात, त्यांच्यापासून सावध राहिलेले बरे.

आम्हांस या कारखान्यातील तिसरी खोली सर्वांत बोलकी वाटते. तिचे निरीक्षण नोव्हेंबर १९३१ पासून मे १९३२ पर्यंत झाले. या खोलीत चौदा पुरुष होते: नऊ जण तारा जोडणारे, तिघे डाख देणारे आणि दोन तपासनीस. येथे काहीही बदलावयाचे नव्हते. एक निरीक्षक कोपऱ्यात बसून फक्त पाहत आणि टिपत होता. जितके काम अधिक तितकी सर्वांची मजुरी अधिक, असा तेथील नियम. टेलरचा हिशेब खरा असता तर प्रत्येकाने अंग मोडून काम केले असते, आणि मंद सोबत्यास पुढे रेटले असते.

घडत होते ते निराळेच. दिवसाचे योग्य काम म्हणजे दोन संच, साधारण सहा हजार ते सहा हजार सहाशे जोडण्या, असे त्या माणसांनी आपसांत ठरविले होते. कोणी लिहिलेले नव्हते, कोणी सभा घेतली नव्हती. तरी ते सर्वांस ठाऊक होते. कंपनीची अपेक्षा याहून अधिक होती. दुपार कलली की ज्यांचे काम होत आले ते हात आखडता घेत. एखाद्या दिवशी जास्त झालेच तर ते सांगत नसत. कमी झालेल्या दिवसाच्या भरतीस ते शिल्लक ठेवीत. जो फार भराभर करी त्यास टोपणनावे मिळत, आणि तेवढ्याने भागले नाही तर दंडावर एक गुद्दा बसे. हा गुद्दा मारण्याचा एक खेळच त्यांनी करून टाकला होता. फार कमी करणाऱ्याचीही गय नव्हती. कारण त्याचा भार दुसऱ्यांवर पडे. सोबत्याची चुगली मुकादमाकडे करणे हे सर्वांत मोठे पाप. एका तपासनिसाने अधिकाराचा तोरा मिरविला, तेव्हा त्याला इतके छळले की शेवटी त्यास तेथून हलवावे लागले. आणि मुकादम? त्यास हे सर्व दिसत होते. नियमाविरुद्ध माणसे आपसांत कामाची अदलाबदल करीत, तिकडे तो काणाडोळा करी. कारण त्यासही त्याच माणसांबरोबर दिवस काढावयाचे होते.

या निरीक्षणातील एक गोष्ट विसरू नये अशी आहे. कारखान्याने या माणसांची बुद्धी आणि हातांची चपळाई यांच्या परीक्षा घेतल्या होत्या. ज्याचे काम सर्वांत कमी भरत होते तो बुद्धीच्या परीक्षेत पहिला होता, आणि चपळाईत तिसरा. म्हणजे काम किती होते हे अंगच्या शक्तीवरून ठरत नव्हते. मेळात त्याची जागा कोठे आहे यावरून ठरत होते.

ही माणसे आळशी होती काय? ते दिवस जागतिक मंदीचे होते. अधिक काम करून दाखविले तर कंपनी मजुरीचा दर खाली आणील, किंवा थोड्या माणसांत भागते म्हणून उरलेल्यांस घरी पाठवील, ही त्यांची भीती होती. ठरीव माप हे त्यांचे कवच होते. ते माप पाळून त्यांनी आपल्यातील दुबळ्यास सांभाळले आणि वरच्यांस हातचे राखून उत्तर दिले. पुढे खोलीला पुरेसे कामच उरले नाही, आणि मे १९३२ मध्ये प्रयोग थांबला; तेव्हा त्यांची भीती अगदीच निराधार होती असे कोणासही म्हणता येणार नाही. या सर्व निरीक्षणांचा मोठा ग्रंथ सन १९३९ मध्ये निघाला. त्याच कारखान्यात सन १९२८ ते १९३० या काळात वीस हजारांहून अधिक कामकऱ्यांच्या मुलाखती घेण्यात आल्या. आरंभी ठरीव प्रश्न विचारीत. मग ध्यानात आले की माणसाला जे बोलावयाचे असते ते प्रश्नांत नसतेच, आणि प्रश्न बाजूस ठेवून नुसते ऐकण्यास सुरुवात झाली. कित्येकांनी मन मोकळे केल्यावर, काहीही बदललेले नसताना, परिस्थिती सुधारली असे सांगितले. यात ऐकण्याचे सामर्थ्य दिसते. पण ऐकून घेणे आणि दाद देणे या दोन भिन्न गोष्टी होत, हेही त्यातच दिसते. ज्या मालकास फक्त पहिली हवी असते तो चतुर म्हणावा, न्यायी नव्हे.

मेळ काम रोखतो तसा तो माणसास लपण्यास आडोसाही देतो. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषि-इंजिनियराने दोर ओढण्याचे प्रयोग करून सन १९१३ मध्ये त्यांचे निष्कर्ष छापले. आठ जण एक दोर ओढू लागले, की प्रत्येकाच्या वाट्याचे बळ एकट्याने ओढताना लागणाऱ्या बळाच्या निम्म्याच्या आसपास येते. रथयात्रेत रथाच्या दोराला शंभर हात लागलेले असता रथ जागचा का हलत नाही, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस याचे नवल वाटणार नाही. काही भाग हिसका एकाच वेळी न बसल्याचा असतो. परंतु सन १९७४ मध्ये डोळे बांधलेल्या माणसास ‘तुझ्या मागे आणखी लोक ओढीत आहेत’ असे नुसते भासविले, प्रत्यक्षात मागे कोणीच ओढीत नव्हते, तरी त्याचे बळ कमी झाले. सन १९७९ मधील अमेरिकन प्रयोगांत तर टाळ्या वाजविण्याचा आणि ओरडण्याचा आवाज मोजला. सहा जणांच्या गटात प्रत्येकाचा आवाज एकट्याच्या सुमारे चाळीस टक्क्यांवर आला. (आरतीच्या वेळी मागच्या रांगेत उभे राहणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) पुढे असेही आढळले की आपला स्वतःचा वाटा ओळखला जाणार आहे असे कळले, की माणूस गटातही पूर्ण जोर लावतो.

आता अहमदाबादकडे वळू. कॅलिको ही तेथील साराभाई घराण्याची प्रख्यात गिरणी. याच घराण्याने सन १९४३ मध्ये बडोद्यात सुरू केलेला रसायनांचा कारखाना आमच्या कितीतरी घरांच्या परिचयाचा होता. आज ती गिरणी चालू नाही. सन १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तेथे आले, तेव्हा गिरणीच्या एका खात्यात नवे स्वयंचलित माग बसविलेले होते. यंत्रे नवी, कामाची वाटणी इंजिनियरांनी शास्त्रशुद्ध केलेली. तरी कापड अपेक्षेइतके निघेना आणि चांगलेही निघेना.

राइस यांनी पाहिले ते असे. २२४ माग होते आणि त्यांवर २९ माणसे. पण ती माणसे बारा निरनिराळ्या कामांत वाटलेली. विणकराकडे इतके माग, कांड्या भरणाऱ्याकडे त्याहून अधिक, तुटलेले ताणे जोडणाऱ्याकडे आणखी निराळी संख्या. त्यामुळे एका विणकराच्या वाट्यास कांड्या भरणाऱ्याचा अर्धामुर्धा हिस्सा येई आणि ताणे जोडणाऱ्याचा त्याहून लहान. कोण कोणाचा सोबती हेच ठरलेले नव्हते. माग अडला की विणकर ओरडे. ज्यास ओरडे तो दुसऱ्या विणकराच्या मागावर गुंतलेला असे. सर्वांवर काम होते आणि अमुक एक माग माझा असे कोणासच म्हणता येत नव्हते.

राइस यांनी सुचविले की चौसष्ट मागांचा एक विभाग करून तो सात माणसांच्या एका गटाकडे सोपवावा, आणि त्या मागांवरील सारे काम त्या सात जणांनी आपसांत वाटून घ्यावे. ही सूचना वरून हुकूम म्हणून लादण्याची वेळच आली नाही. कामकऱ्यांनी आणि मुकादमांनी ती ऐकताच उचलली, आणि आपले सोबती त्यांनी आपणच निवडले. आरंभी काम वाढले तसे कापडातील दोषही वाढले, कारण घाईत यंत्रांची निगा मागे पडली. ते सावरल्यावर मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांपर्यंत गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. माग तेच होते आणि माणसेही तीच. राइस यांनी ही हकिकत सन १९५८ मध्ये ग्रंथरूपाने मांडली.

हॉथॉर्नच्या त्या तिसऱ्या खोलीतील मेळ कामाच्या विरुद्ध उभा राहिला आणि अहमदाबादचा मेळ कामाच्या बाजूने, हे ताडून पाहण्यासारखे आहे. दोन्हीकडे माणसे सोबत्यांच्या मापाने वागत होती. पहिल्या ठिकाणी माप हे वरच्यांपासून बचाव करण्यासाठी होते; दुसऱ्या ठिकाणी संपूर्ण काम त्यांच्या स्वाधीन होते आणि सोबती त्यांच्या पसंतीचे होते.

आता आपल्या महाप्रसादाच्या पंगतीकडे पाहा. एक सेवेकरी भात घेऊन साऱ्या मंडपात फिरतो, दुसरा वरण, तिसरा भाजी, चौथा पाणी. पत्रावळी मांडणारे निराळे आणि उष्टी काढणारे निराळे. कोपऱ्यातील शेवटच्या पानावर भाजी पोचली नाही तर ती कोणाची चूक? भाजीवाला पुढच्या रांगेत अडकलेला असतो, भातवाला तीन वेळा तेथून जातो, आणि तरीही ते पान कोणाचेच नसते. अहमदाबादच्या मागखात्याची ही प्रतिमाच नव्हे काय? अशा ठिकाणी नवा मुलगा उत्साहाने येतो, दोन तास आरडाओरडा ऐकतो, आणि आपल्यामुळे काय झाले हे न कळताच घरी जातो. पुढच्या वर्षी तो येत नाही. त्याने जर पहिल्याच दिवशी कोठी झाडून लखलखीत केली, तर वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांपैकी कोणी तरी हसत म्हणतो, “एवढे कशाला रे? उद्या रोज करावे लागेल.” दंडावरचा गुद्दा तो हाच, फक्त तो शब्दांनी बसतो.

पगारी सेवकांची गोष्ट याहून नाजूक आहे. झाडलोट करणारी बाई, रखवालदार, स्वयंपाकी यांचेही आपले ठरीव माप असते, आणि कार्यकारिणीस ते आळसाचे वाटते. पण त्या मापामागे कोणती भीती आहे, हे त्यांना स्वस्थपणे बसवून कधी विचारले आहे काय? एका उत्सवात रात्री अकरापर्यंत थांबणाऱ्यास दुसऱ्या उत्सवात तसे थांबणे हा त्याचा धर्मच ठरतो. जादा तासांचा विषय निघाला की ‘ही देवाची सेवा आहे’ असे उत्तर मिळते. आमचे स्पष्ट मत असे की सेवा हा शब्द ज्याने त्याने स्वतःच्या श्रमास लावावा. दुसऱ्याच्या न दिलेल्या मजुरीस तो लावणे शोभत नाही, आणि ज्यांच्या बाबतीत तो लावला जातो ते आपले काम मोजून करतात, हे अगदी स्वाभाविक आहे. दासबोधात माणसे पारखून कामास लावण्याविषयी पुष्कळ सांगितले आहे. तेथे पारख लावणाऱ्याच्याही अंगी काही गुण अपेक्षिले आहेत, हे वाचताना सुटते.

येत्या रामनवमीच्या महाप्रसादात एक चाचणी करून पाहावी, असे आम्ही सुचवितो. दोन रांगा दोन लहान गटांकडे द्याव्यात, प्रत्येकी सहा-सात जण, आणि सोबती ज्याचे त्याने निवडावेत. पाने मांडण्यापासून उष्टी काढून जागा पुसण्यापर्यंत त्या रांगेचे सारे काम त्या गटाचे. भात कोणी वाढावा आणि पाणी कोणी, हे त्यांनीच ठरवावे. उरलेल्या रांगा नेहमीप्रमाणे चालाव्यात. किती पानांवर काय पोचले नाही आणि किती अन्न वाया गेले, याची नोंद दोन्हीकडे ठेवावी. स्वयंपाकघर आणि कोठी आहे तशीच राहू द्यावी. तेथील जड भांड्यांचे आणि विस्तवाचे काम अनुभवी हातांतच हवे.

फक्त एक दक्षता घ्यावी लागेल. राइस यांचे सहकारी एरिक मिलर हे सन १९७० मध्ये पुन्हा अहमदाबादेस गेले, तेव्हा गटपद्धत एका ठिकाणी बरीचशी टिकलेली त्यांना आढळली. इतरत्र ती हळूहळू मोडत गेली होती. मागणी बदलली, कापडाचे प्रकार बदलले, अडचणीच्या वेळी वरून हस्तक्षेप होऊ लागला, आणि माणसे पुन्हा सुटी सुटी झाली. पंगत ऐन रंगात असता ‘अरे, त्या रांगेतील दोघे जण इकडे पाठवा’ अशी हाक कोठीतून येईल. त्या दिवशी ती हाक कोणी मारू नये, आणि मारलीच तर गटाने आपला माणूस सोडू नये. कार्यकारिणीने एवढे आधीच लिहून द्यावे.